कल्पा गावात बर्फातली पायी भटकंती: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

उसाच्या रसातला खडा, फ्रीजच्या कप्प्यात साचलेला पांढरा थर आणि हिमालयात आभाळातून पडतं ते, या सगळ्याला आपण मराठीत बर्फच म्हणतो. कल्पाच्या गल्लीत चालताना हे तीन वेगळे पदार्थ एकाच दिवसात पायाखाली येतात. सकाळी काच, दुपारी लगदा, संध्याकाळी पुन्हा काच. आपल्याकडून जाणारी मंडळी थंडीची तयारी जोरात करतात आणि या बदलाची अजिबात करत नाहीत. कल्पात त्रास होतो तो बहुतेक वेळा दोनच कारणांनी: ओलं होण्यामुळे आणि चुकीच्या वेळी चुकीच्या वाटेवर असण्यामुळे. पुढचं सगळं या दोन गोष्टी टाळण्यासाठी आहे.

कल्पा हिमाचल प्रदेशातल्या किन्नौर जिल्ह्यात सुमारे २,९६० मीटर उंचीवर आहे. खाली सतलज, समोर किन्नर कैलासची रांग आणि गावाभोवती सफरचंदाच्या बागा, देवदार, चिलगोजाची झाडं. बर्फात पहिल्यांदा चालायला हे गाव निवडावं असं आम्ही आवर्जून सांगतो. मोठं शिखर चढायचं नसतं, तंबू लागत नाही, दोन तास चालून परत शेगडीपाशी येता येतं आणि जिल्ह्याचं ठिकाण रेकाँग पिओ जेमतेम सातशे मीटर खाली आहे.

१. तारखा ठरवा आणि दोन दिवस मोकळे ठेवा

बर्फ साधारण डिसेंबरच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत असतो. तो पडतो पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या हवेच्या प्रणालींमुळे. त्यामुळे इथलं हवामान झटक्यांत चालतं: दोन-तीन दिवस हिमवर्षाव, मग काही दिवस लख्ख ऊन. नुसता बर्फ बघायचा असेल तर डिसेंबरअखेर चालेल, पण तेव्हा एखाद्या वर्षी बागा कोरड्याही सापडतात. भरवशाचा बर्फ जानेवारीचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारीत. चालण्यासाठी आमची पसंती फेब्रुवारीअखेरीला, कारण दिवस मोठा होत जातो आणि गावातल्या वाटा मळलेल्या असतात.

बर्फामुळे गाव तुटणं इथे नवीन नाही. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशात बहुतेक ठिकाणी १९५२ च्या सुरुवातीला मतदान झालं. इथलं मात्र ऑक्टोबर १९५१ मध्येच उरकून घेतलं होतं, कारण नंतर बर्फात मतपेट्या पोहोचल्याच नसत्या. देशाचे पहिले मतदार म्हणून ओळखले गेलेले श्यामसरण नेगी याच गावचे शिक्षक. आज रस्ता मोकळा करायला यंत्रं येतात, तरी परतीच्या गाडीच्या किंवा विमानाच्या तिकिटाआधी दोन दिवस राखीव ठेवाच. हे दोन दिवस न ठेवणारेच बर्फ पडत असताना टॅक्सीवाल्याला जास्त पैसे देऊन निघायला लावतात, आणि तो या सहलीतला सगळ्यात धोकादायक निर्णय असतो.

२. पोहोचा, पण टप्प्याने

मुंबई-पुण्याहून रेल्वेने किंवा विमानाने चंदीगड, तिथून शिमला, मग राष्ट्रीय महामार्ग ५ ने नारकंडा, रामपूर, वांगतू, करछम करत रेकाँग पिओ. शिमला ते पिओ सुमारे २३० किलोमीटर. हिमाचल परिवहनच्या बसला दहा तास धरा. पिओहून कल्पाला वर जायला बस आणि टॅक्सी मिळते.

या रस्त्यावरचं पहिलं अडणारं ठिकाण नारकंडा, सुमारे २,७०० मीटर. तिथे बर्फ पडला की वाहतूक बसंतपूर–किंगल अशा खालच्या मार्गाने वळवतात, त्यात वेळ जातो. वांगतूच्या पुढे-मागे प्रश्न बर्फापेक्षा दरडींचा असतो, म्हणून हा टप्पा उजेडात पार होईल असं बघा.

चंदीगडहून एका दमात कल्पा गाठू नका. २,५०० मीटरच्या वर काहींना उंचीचा त्रास होतो: डोकं ठणकतं, मळमळतं, झोप लागत नाही. रामपूर किंवा सराहनला एक रात्र काढा आणि कल्पात पहिला दिवस गावातच फिरण्यासाठी ठेवा.

३. कागदपत्रं आणि रोकड

- आधार किंवा मतदार ओळखपत्र, मूळ आणि दोन छायाप्रती. लॉजवाला एक ठेवून घेतो.
- भारतीय नागरिकांना कल्पासाठी कोणताही परवाना लागत नाही. मात्र परदेशी पारपत्र असलेल्यांना, ओसीआय कार्डधारक (भारतीय वंशाचे परदेशी नागरिक) नातेवाईक आले तर त्यांनाही, कल्पाच्या पुढे स्पितीकडे जाताना परवाना लागतो. तो पिओलाच काढून घ्यावा.
- रोकड पिओच्या एटीएममधून काढा. बर्फ पडल्यावर वीज गेली की नेटवर्क आणि यूपीआय दोन्ही जातात. तीन दिवसांचा खर्च नोटांमध्ये जवळ हवा.
- नेहमीची औषधं मुक्कामाच्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्त.

४. अंगावर काय घालायचं

सुती कपडा बर्फात शत्रू आहे. सह्याद्रीत आपण सुती टीशर्टवर चालतो, घाम येतो, वाऱ्यावर वाळतो. इथे तो वाळत नाही. थांबल्यावर दोन मिनिटांत पाठीवर ओल्या फडक्यासारखा गार पडतो. बनियनसुद्धा सुती नको.

तीन थर पुरतात:

- आतला: लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा थर्मल, वर आणि खाली. दोन जोड, कारण एक रात्री झोपताना कोरडाच राहिला पाहिजे.
- मधला: फ्लीस, म्हणजे मऊ, उबदार कृत्रिम कापडाचं जाकीट. थांबल्यावर वरून चढवायला पिसांचं किंवा कृत्रिम भरणाचं जाकीट. ते चालताना अंगात घालू नका; घामाने पिसं बसली की त्यांची ऊब जाते.
- बाहेरचा: वारा आणि पाणी अडवणारं जाकीट, तशीच पँट. पावसाळी ट्रेकचं जाकीट चालतं, फक्त ते फ्लीसवरून सैल बसायला हवं.

निघताना अंगात थोडी थंडी वाजली पाहिजे. खोलीतच ऊब वाटत असेल तर दहाव्या मिनिटाला घाम फुटणार. घाम येण्याआधी एक थर उतरवा, थांबताक्षणी चढवा. हे दिवसातून आठ-दहा वेळा करावं लागतं आणि नवखे नेमका याचाच कंटाळा करतात.

हातमोजे दोन जोड: आत पातळ, बाहेर जलरोधक. विणलेले लोकरीचे मोजे-हातमोजे बाजारात छान दिसतात, पण बर्फ त्यांना गोळ्यागोळ्यांनी चिकटतो आणि वितळून आत शिरतो. कानटोपी हवी. गॉगल पूर्ण अतिनील संरक्षण असलेला हवा. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग उलटा फेकतो आणि ढगाळ दिवशीही डोळे भाजतात. सनस्क्रीन नाकाखाली आणि हनुवटीखालीही लावा, कारण इथे ऊन खालूनही येतं.

५. बूट, गेटर, काटे

बूट घोट्याच्या वरपर्यंत, जलरोधक, खोल खाचांच्या तळव्याचे. कातळावर छान पकड घेणारे सपाट रबरी तळवे निसरड्या बर्फावर काही कामाचे नाहीत. एक जाड मोजा घालून अंगठा हलला पाहिजे. दोन जाड मोजे कोंबून बूट घट्ट केला की रक्तपुरवठा आवळतो आणि पाय उलट जास्त गारठतात. बहुतेकांची पहिल्या दिवशीची ‘पाय बधिर झाले’ ही तक्रार इथूनच येते.

गेटर म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंत बांधायचं आवरण. बर्फ घोट्याच्या वर असेल तर हवंच. खालचा पट्टा बुटाच्या तळव्याखालून, बकल बाहेरच्या बाजूला. आत ठेवलं तर दुसऱ्या पायात अडकून पडाल.

मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटावर रबराने ताणून बसवायची साखळी-काट्यांची जोडी. आपले ट्रेकर सरसकट त्याला क्रॅम्पॉन म्हणतात. खरे क्रॅम्पॉन गिर्यारोहणाचे, या वाटांना त्यांची गरज नाही. कल्पात भाड्याने मिळतील असं गृहीत धरू नका, सोबत आणा. घरीच खुर्चीत बसून, हातमोजे घालून ते चढवायची पाच-सहा वेळा सवय करा. ओल्या बर्फात काट्यांमध्ये गोळा साठतो आणि तुम्ही त्या गोळ्यावर घसरता. दर काही पावलांनी काठीने बुटाच्या कडेला ठोका, गोळा पडतो.

काठी एक तरी हवीच, टोकाशी बर्फाची रुंद चकती लावलेली. चकती नसली की काठी मुठीपर्यंत आत जाते.

६. मुक्कामाच्या खोलीत

रात्री नळ थेंबथेंब ठेवलेला असतो, तो बंद करू नका. पाणी वाहतं राहिलं म्हणजे पाइप गोठत नाही. ‘पाणी वाया जातंय’ म्हणून आपला हात आपोआप नळाकडे जातो, आणि सकाळी सगळ्या घराचं पाणी बंद झालेलं असतं.

खोलीतल्या लाकडाच्या लोखंडी शेगडीला इथे तंदूर म्हणतात. तिची धुराची नळी बाहेर गेलेली असते. नळी नसलेली कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन कधीही झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. तंदूर असला तरी खिडकी बोटभर उघडी ठेवा.

बूट तंदूरला चिकटवून वाळवू नका, तळव्याचा डिंक सुटतो. आतली सोल बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने बदला.

७. पायाखालचा बर्फ ओळखा

निघण्याआधी अंगणात उभं राहून काठी टोचा.

ताजा, पिठासारखा: काठी अलगद जाते, मुठीत दाबला तर गोळा होत नाही. चालायला सुखाचा, पण खाली काय आहे ते झाकतो. गुडघाभर असेल तर तासाला एक किलोमीटरसुद्धा होत नाही.

कडक पापुद्रा: आदल्या दिवशी वितळून रात्री गोठलेला. काठी टक्क वाजते. पाऊल वर टिकतं, मग अचानक फुटून नडगीपर्यंत आत जातं. नडगी खरचटते ती इथेच, गेटर असल्यास वाचते.

ओला लगदा: दुपारचा. गोळा लगेच होतो, पिळला तर पाणी येतं. बूट भिजतात.

काच: गाड्यांनी आणि पावलांनी दाबलेला, वितळून पुन्हा गोठलेला थर. डांबरावर तो दिसतही नाही, रस्ता फक्त ओला आणि काळा भासतो. सकाळच्या वेळी ‘ओला’ दिसणारा प्रत्येक सावलीतला तुकडा काच समजा.

किन्नर कैलास पूर्वेकडे असल्यामुळे गावात ऊन उशिरा पोहोचतं. डिसेंबर-जानेवारीत दिवस जेमतेम दहा तासांचा. म्हणून सह्याद्रीतली पहाटे चारची सवय इथे सोडा. ऊन वाटेवर आल्यावर निघा, लगदा होण्याआधी लांबचा टप्पा संपवा आणि चारच्या आत परत या. चारनंतर लगद्याची काच व्हायला लागते.

८. चालण्याची रीत

सपाट काचेवर पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले, पूर्ण तळवा एकदम टेकवायचा, हात खिशाबाहेर. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर आपण जसे चालतो तसंच.

चढावर बुटाचं टोक दोनदा मारून पायरी करा आणि मग वजन टाका. मागच्यांनी त्याच पायरीत पाय ठेवायचा. पुढचा माणूस वाट पाडून लवकर दमतो, म्हणून दर पाच-दहा मिनिटांनी पुढारी बदला.

उतारावर टाच आधी रोवा, अंग जरा पुढे. भीतीने मागे रेललात की पाय सटकतात. कारवीचा झुडूप धरून उतरायची सवय इथे उपयोगी नाही. बागेतली सफरचंदाची फांदी तर मुळीच धरू नका. तिच्यावर पुढच्या हंगामाच्या फळांचे डोळे असतात आणि थंडीत ती कडकन मोडते.

पडलातच तर तळहात मागे टेकू नका, मनगट जातं. कुल्ल्यावर, कुशीवर पडा.

९. तीन वाटा, सोप्यापासून

गावाचा फेरा, दीड-दोन तास. बसथांब्यापासून जुन्या वस्तीत उतरा. कल्पाचं जुनं नाव चिनी, आणि लाकूड-दगडाच्या थरांची जुनी घरं, नारायण-नागिणीचं मंदिर, बौद्ध गोम्पा इथेच आहेत. मंदिरात शिरण्याआधी विचारा. चामडं आणि टोपी याबाबत नियम असतात. या फेऱ्यातला धोका डोक्यावर असतो. ऊन चढलं की उतरत्या छपरावरचा बर्फ एकसंध घसरून खाली कोसळतो. वळचणीला लटकलेल्या गोठलेल्या पागोळ्या हातभर लांब असतात. भिंतीला चिकटून नाही, गल्लीच्या मधून चाला आणि फोटोसाठी वळचणीखाली उभं राहू नका.

बागांमधून, दोन-तीन तास. सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात फसवी वाट. फसवी कूहलमुळे. कूहल म्हणजे डोंगरातून बागांना पाणी आणणारा पाट, हातभर रुंद, वाटेच्या कडेनेच जातो. त्यावर बर्फाचं झाकण धरतं. बारकाईने पाहिलंत तर पांढऱ्यावर एक उथळ, सरळ घळ दिसते, कुठे बशीएवढं भोक, त्याच्या कडा निळसर आणि आत पाण्याची गुळगुळ. असं काही दिसलं की त्या रेषेपासून दोन पावलं दूर चाला. ओलांडायची असेल तर काठीने दोन्ही काठ शोधा. बूट पाण्याने भरला की त्या दिवसाचं चालणं तिथेच संपलं, थेट खोली गाठा. झाडांभोवती खणलेली आळी, ज्यांना इथले बागवान तौलिये म्हणतात, तीही बर्फाखाली झाकलेली असतात, आणि कुंपणाच्या तारा गुडघ्याच्या उंचीवर. जानेवारी-फेब्रुवारीत बागांची छाटणी चालते. कुणी काम करत असेल तर ‘भाईजी, इधर से निकल जाएँ?’ एवढं विचारा. सुरक्षित वाट तेच दाखवतात.

रोघीचा रस्ता, जाऊन-येऊन पाच-सहा तास. कल्पाहून रोघी गाव सहा ते आठ किलोमीटर, कुठून मोजता त्यावर. रस्ता कड्याच्या पोटातून जातो, खाली थेट सतलजची दरी. कोरड्या दिवसात सोपा, बर्फात नाही. हिमवर्षावानंतर किमान दोन दिवस जाऊ नका: हिमस्खलनं बहुतेक याच काळात होतात, आणि ३० ते ४५ अंशांचे उतार त्यासाठी सगळ्यात वाईट. ऊन पडल्यावर वरून दगडही सुटतात. दरीच्या कडेला बर्फ बाहेर झुकून साठलेला असतो, त्याखाली जमीन नसते. रस्त्याच्या मधल्या चाकोरीतच राहा. निम्म्यात बारा वाजले की जिथे असाल तिथून परत फिरा.

वरच्या चाक्का कुरणाची वाट जंगलातून चढते. हिवाळ्यात ती गावातला माहीतगार सोबत असल्याशिवाय करू नये. देवदाराच्या बुंध्याभोवती पोकळ खड्डे असतात, आणि वाट म्हणून काही उरलेलंच नसतं.

१०. सॅकमध्ये

- थर्मासमध्ये अर्धा लिटर गरम पाणी, शिवाय एक लिटरची बाटली. बाटली उलटी ठेवा. गोठायला वरून सुरुवात होते, मग बूच मोकळं राहतं.
- खजूर, शेंगदाणे-गूळ, अक्रोड, सुकवलेली जर्दाळू. गुळाची चिक्की थंडीत दगड होते, आणायची तर चुरा करून.
- हेडलँप, शिट्टी, कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत.
- फोन आतल्या खिशात, अंगाला लागून. थंडीत चाळीस टक्क्यांवरचा फोनही अचानक बंद पडतो. ऊब दिल्यावर बहुधा परत सुरू होतो.
- कॅमेरा खोलीत नेण्याआधी बाहेरच बंद पिशवीत टाका, तासाभराने उघडा. नाहीतर आत दव धरतं.

११. शरीर काय सांगतंय

उणे ५ अंश तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे १३ सारखं जाणवतं. नाक, गाल, कानाची पाळी पांढरी आणि बधिर झाली तर उबदार तळहाताने झाका. चोळू नका, बर्फ तर अजिबात लावू नका. एकमेकांचे चेहरे दर वीस मिनिटांनी बघा, स्वतःचं स्वतःला कळत नाही.

हुडहुडी भरणं ही पहिली सूचना. त्यानंतर सोबती अडखळायला लागला, बोलताना शब्द जड झाले, ‘मला बसू द्या’ म्हणू लागला, तर हा थकवा नाही, अंगाचं तापमान उतरतंय. वाऱ्याआड न्या, ओले कपडे काढून कोरडे घाला, शुद्धीत असेल तर गरम गोड पाणी द्या. दारू देऊ नका. तिने ऊब वाटते, पण अंगातली उष्णता जास्त वेगाने बाहेर जाते. उंचीमुळे डोकेदुखी वाढत गेली, तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न बघता पिओला उतरा, तिथे जिल्ह्याचं रुग्णालय आहे.

आणीबाणीला ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा आपत्ती कक्षासाठी १०७७. हवामान खात्याच्या शिमला केंद्राचा इशारा रोज सकाळी बघा. नारंगी किंवा लाल असेल तर गावाच्या फेऱ्यापलीकडे जाऊ नका. आणि रोज निघताना घरमालकाला दोन गोष्टी सांगा: कुठल्या वाटेने जाताय आणि किती वाजता परत येताय. वाट बदलली तर फोन करा. तुम्ही आला नाहीत तर फावडं आणि टॉर्च घेऊन शोधायला तेच निघतात.